पॅसेंजर, सायकल आणि शेवटचे दोन कोस

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी हे तालुक्याचे गाव. चौंडेश्वरी मातेचे देवस्थान आणि कोसा रेशमाचे हातमाग ही या परिसराची जुनी ओळख. हावडा-नागपूर-मुंबई हा देशातील अत्यंत गजबजलेला लोहमार्ग याच तालुक्यातून जातो. परंतु मोहाडी गावाला स्वतःचे स्थानक नाही. गाडी पकडायची, तर एका दिशेला वरठीचे भंडारा रोड किंवा दुसऱ्या दिशेला देव्हाडीचे तुमसर रोड गाठावे लागते. भंडारा शहराचीही हीच कथा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाचे नाव धारण करणारे मुख्य मार्गावरील स्थानक शहरात नसून काही कोस दूर वरठीला आहे. म्हणजे या भागातील सामान्य माणसाचा रेल्वेप्रवास रेल्वेत बसण्यापूर्वीच सुरू होतो आणि रेल्वेतून उतरल्यानंतरही संपत नाही.

हे घर ते स्थानक अंतर पिढ्यान् पिढ्या कापले ते सायकलीने. आंधळगावचा विणकर असो, वैनगंगेकाठचा भाजीवाला असो की नागपूरला कामाला जाणारा कारागीर असो, सायकल आणि पॅसेंजर गाडी ही त्याच्या उपजीविकेची दोन चाके होती. आज त्यांतील एक चाक निखळत चालले आहे आणि त्याची खंत कोणत्याही नियोजनाच्या कागदावर उमटलेली दिसत नाही.

धान्यासाठी आलेला मार्ग

या मार्गाचा जन्मच मुळी लोकांच्या गरजेतून झाला. १८७८च्या दुष्काळानंतर छत्तीसगडचे धान्य बाहेर नेण्यासाठी नागपूर-छत्तीसगड हा मीटरगेज मार्ग हाती घेण्यात आला. पुढे १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने त्याचे रुंद मार्गात रूपांतर केले. तुमसर रोडहून तिरोडीकडे गेलेली शाखा मँगनीजच्या खाणींच्या मुलुखातून जाते. धान्य, खनिज आणि कोळसा यांसाठी हे रूळ झिजले. पण त्याच रुळांवरून प्रत्येक लहान स्थानकावर थांबणारी पॅसेंजरही धावत असे. ती संथ होती, गर्दीची होती, अनेकदा उशिराही येई. तथापि ती गरिबाच्या खिशाला परवडणारी होती.

२२ मार्च २०२० रोजी देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या. महामारीच्या संकटात तो निर्णय अपरिहार्यच होता, त्याविषयी तक्रार नाही. मात्र गाड्या पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा पॅसेंजर ही पॅसेंजर राहिली नव्हती. ‘विशेष’ आणि ‘एक्स्प्रेस’ अशी बिरुदे लावून त्याच डब्यांसाठी, त्याच वेगासाठी किमान १० रुपयांऐवजी ३० रुपये भाडे आकारले गेले. अनेक ठिकाणचे थांबेही गेले. हे वाढीव भाडे मागे घेतले गेले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. दरम्यान २०२२च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांना कोळसा पोहोचविण्यासाठी गाड्या रद्द करण्याची वेळ आली, तेव्हा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या सामान्य प्रवाशाला त्याची मोठी झळ बसली.

चार वर्षे हा काही लहान काळ नव्हे. ज्याचे रोजचे काम गाडीवर अवलंबून होते, तो इतका काळ हात जोडून फलाटावर थांबत नाही. त्याने हप्त्यावर दुचाकी घेतली. पेट्रोल, हप्ता आणि महामार्गावरील जिवाचा धोका हा खर्च त्याच्या घरावर पडला. गाडी स्वस्त झाली म्हणून तो आपोआप परत येईल, हा भ्रम आहे. त्याला परत आणायचे, तर दारापासून कामापर्यंतच्या संपूर्ण प्रवासाचा विचार केला पाहिजे. येथेच सायकलीचा प्रश्न येतो.

सायकल ठेवायची कोठे?

रेल्वेच्या नियमांत सायकलीला बंदी नाही, पण स्वागतही नाही. द्वितीय वर्गाच्या प्रवाशाला ३५ किलोपर्यंतचे सामान विनामूल्य नेता येते. सायकलीला मात्र ही सवलत लागू नाही. ती सामान म्हणून नोंदवावी लागते, गाडी सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी सामान कार्यालयात आणावी लागते. लांबच्या प्रवासाला हे चालून जाईल. पण सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या माणसाने रोज दोनदा हा सोपस्कार कसा करावा? आणि लहान स्थानकावर, जेथे गाडी जेमतेम एक मिनिट थांबते, तेथे तो करावा तरी कोणापाशी?

जुन्या डब्यांच्या गाडीला गार्डच्या कक्षालगत सामानाचा कप्पा असे. मेमू गाड्या आल्या, वेग वाढला, इंजिन फिरविण्याचा खोळंबा गेला. हे सारे चांगलेच झाले. परंतु तो सामानाचा कप्पाही गेला. परिणामी देशाच्या अनेक भागांत दुधाचे कॅन आणि सायकली खिडकीच्या गजांना बाहेरून अडकवलेल्या दिसतात. हे धोकादायक आहे आणि त्याचे समर्थन करता येणार नाही. पण सोय नाही म्हणून बेशिस्त वाढते, ही गोष्टही प्रामाणिकपणे मान्य करायला हवी.

सोय करता येते, याचे उदाहरण शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. मुंबईच्या उपनगरी गाडीत मालडबा असतो आणि त्याच्याच बळावर १८९० पासून डबेवाल्यांची व्यवस्था उभी आहे. घराकडून स्थानकापर्यंत सायकल, मधला पल्ला रेल्वेने आणि पुढे कचेरीपर्यंत पुन्हा सायकल! जगभर वाखाणलेल्या या व्यवस्थेचे मर्म सायकल आणि रेल्वेच्या या सांध्यातच आहे. नागपूर मेट्रोत तर प्रवाशाला सायकल सोबत नेता येते. मग नागपुरातल्या सायकलस्वाराला जो मान मिळतो, तो साठ-बासष्ट किलोमीटरवरील वरठीच्या सायकलस्वाराला का मिळू नये? डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील उपनगरी गाड्यांत २०१० पासून सायकल विनाशुल्क नेता येते. त्या देशाचे अनुकरण करण्याचा हा प्रश्न नाही. सायकल हे ज्यांच्यासाठी छंदाचे नव्हे, तर पोटापाण्याचे साधन आहे, अशांची संख्या आपल्याकडे मोठी असताना आपण मागे राहावे, हे खटकणारे आहे.

आक्षेप आणि उत्तर

यावर आक्षेप येईल, की आधीच माणसांना उभे राहायला जागा नाही, तेथे सायकली कोठे कोंबणार? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ही सवलत गर्दीच्या वेळा सोडून आणि मेमूच्या एका टोकाच्या डब्यापुरती द्यावी. त्या डब्याच्या एका भागात मिटणारी बाके आणि भिंतीला आकडे बसवले, तर सायकल नसेल तेव्हा ती जागा माणसांना, दुधाच्या कॅनना, भाजीच्या टोपल्यांना उपयोगी पडेल. सायकलीसाठी माफक दराचा मासिक पास असावा. जे सायकल सोबत नेऊ इच्छित नाहीत, त्यांच्यासाठी भंडारा रोड व तुमसर रोड या दोन्ही स्थानकांवर छप्पर असलेला, राखणदार असलेला स्वस्त सायकल-तळ असावा.

दुसरा आक्षेप पैशाचा. प्रवासी वाहतुकीच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल होतात, असे २०१६ पासून रेल्वे आपल्या तिकिटांवर छापू लागली. हिशेब मांडणे चुकीचे नाही. पण तो पूर्ण मांडावा. पॅसेंजर नसल्यामुळे जी दुचाकी रस्त्यावर आली, तिचे इंधन, तिचे अपघात आणि त्या अपघातात उघड्यावर पडणारे कुटुंब हे कोणाच्या खात्यावर लिहायचे?

आणखी एक बाजू आहे. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातील गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. योजना स्तुत्य आहे. पण बारावीपर्यंत त्या सायकलीवर पोहोचलेल्या मुलीने पुढील शिक्षणासाठी तुमसरला, गोंदियाला वा नागपूरला जायचे कसे? सायकल, सुरक्षित सायकल-तळ आणि वेळेवर येणारी पॅसेंजर एवढी साखळी जुळली, तर तिचे शिक्षण थांबणार नाही. ही साखळी तुटली, तर शासनाने दिलेली सायकल अंगणातच गंजत पडेल.

डिसेंबर २०२२ मध्ये याच मार्गावर नागपूर-बिलासपूर वंदे भारत धावू लागली. त्याचा अभिमान आहेच. राजनांदगाव-नागपूर तिसऱ्या मार्गाचे कामही हाती घेण्यात आले. रुळांची क्षमता वाढते आहे, तेव्हा त्या वाढीव क्षमतेतील पहिला घास मालगाडीचा, दुसरा वेगवान गाडीचा आणि उरलासुरला पॅसेंजरचा, असा क्रम मात्र नको. पंक्तीत शेवटी बसलेल्याच्या पानात काय पडले, यावरूनच यजमानाची परीक्षा होते.

हे आपोआप होणार नाही. रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समित्या असतात, लोकप्रतिनिधी असतात; त्यांच्यापुढे नेमकी मागणी, नेमक्या गाडीच्या नावानिशी आणि वेळेनिशी गेली पाहिजे. कोणत्या गावातून किती माणसे सायकलीने स्थानकावर येतात, याची साधी नोंद गावातील दहा तरुणांनी पंधरा दिवस केली, तर ती कोणत्याही निवेदनापेक्षा अधिक बोलेल. समाजकार्यात रस असणाऱ्यांनी पुढाकार घेण्यासारखे हे काम आहे.

राष्ट्राची प्रगती वेगात मोजतात, हे खरे. पण मोहाडीचा विणकर आपला कोशाचा गठ्ठा सायकलीला बांधून निघतो, तेव्हा त्याला वेगापेक्षा भरवसा हवा असतो. तेवढा भरवसा त्याला देणे रेल्वेला अशक्य नाही.