बटाट्यासारखा दगड



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या दिवशी चौथीतल्या एका मुलाने खिशातून एक दगड काढून माझ्या टेबलावर ठेवला. वर्धा जिल्ह्यातल्या मामाच्या शेतात नांगरताना निघाला म्हणे. बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड. पण एका बाजूने फुटला होता आणि तिथे पांढऱ्या, राखी, तांबूस रेघा, एकीच्या आत एक.

"सर, हे लाकूड हाय का जी? दगड झालेलं?"

मी घाईत "असेल" म्हणून मोकळा झालो. घरी निवांत पाहिला तेव्हा चूक कळली. हा तर अकीक! दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल करावं लागलं.

झाडाचं खोड आतून बाहेर वाढतं, म्हणून सर्वांत जुनं वर्तुळ मध्यभागी असतं. अकीकाचं उलट. त्याची बाहेरची रेघ आधीची, आतली नंतरची. कसं ते पाहा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्रात जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला. तो थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, अनारशाला जाळी पडते ना, तशी पोकळ्यांची जाळी राहिली. पुढे खडकात पाणी झिरपलं. त्यात सिलिका विरघळलेली होती. (आपल्या नदीच्या वाळूतही मुख्यत्वे हीच असते.) ती पोकळीच्या भिंतीवर थरावर थर बसत गेली. लोहाचा अंश मिसळला तिथे तांबडा रंग आला. कधी पोकळी पूर्ण भरतच नाही. मग मधोमध स्फटिकांची चमचमती गुहा उरते.

आपल्या गोरेगावचा खडक त्या लाव्हाहून कितीतरी जुना, म्हणून इथे विहीर खणून अकीक मिळायचा नाही. तो काळा खडक पाहायचा तर नागपूरची सीताबर्डीची टेकडी पाहा.

आम्ही दगडावर खिळ्याने ओरखडा काढून पाहिला. निघाला नाही! उलट दगडानेच काचेच्या तुकड्यावर चरा पाडला. (काच मोठ्या माणसांसमोरच हाताळा हं.) या कठीणपणामुळे प्रयोगशाळेत कुटायचे खल अकीकाचे करतात.

याचा व्यापार फार जुना. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या पुस्तकात पैठणहून गाड्या भरभरून असे दगड भडोचच्या बंदरात जात, असं लिहिलं आहे. गुजरातेत खंबातला आजही अकीकाचे मणी घडवतात. पिवळसर दगड भट्टीत तापवला की लाल होतो. आणि बाजारात भडक निळा, गुलाबी अकीक दिसला तर तो बहुधा रंगवलेला समजा. त्याच्यात बारीक छिद्रं असतात, रंग आत मुरतो.

मात्र दगड चाकावर घासताना उडणारी धूळ वाईट. ती श्वासातून फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. त्यावर बरं करणारं औषध नाही. खंबातच्या कितीतरी कारागिरांचा जीव त्याने गेला आहे. मुलाने हे ऐकलं आणि विचारलं, "मंग मी याला घासून चमकवू नको का जी?"

"नको," म्हटलं, "पाण्यात ठेव."

दगड सध्या वर्गाच्या खिडकीत, पाण्याच्या ग्लासात आहे. ओला असला की रेघा ठळक दिसतात. कालपर्यंत आम्ही सतरा मोजल्या.