कीड-अंदाजाचे मॉडेल कंटेनरमधूनच का द्यावे?

उसावरील खोडकिडीच्या कामानिमित्त काही वर्षांपूर्वी लखनौला जाणे झाले. मुक्काम आलमबाग भागात एका सहकाऱ्याच्या घरी होता. एका संध्याकाळी मी माझा छोटा प्रोग्रॅम त्यांच्या जुन्या संगणकावर चालवून दाखवला. दिवसाच्या सरासरी तापमानातून किडीच्या वाढीला लागणारे किमान तापमान वजा करायचे, उरलेल्या अंशांची रोज बेरीज करायची आणि या उष्णता एककांवरून ट्रायकोकार्ड कधी लावावे ते ठरवायचे, एवढेच त्याचे काम. प्रोग्रॅम तोच होता, सुमारे चाळीस दिवसांच्या नोंदीही त्याच होत्या. परंतु माझ्या लॅपटॉपवर आलेल्या तारखेपेक्षा त्यांच्या संगणकावरील तारीख आठवड्याहून अधिक पुढची निघाली. तोवर अंड्यांतून अळ्या बाहेर पडून कोंबात शिरल्या असत्या. ट्रायकोग्रामा हा अंड्यांवरील परोपजीवी असल्यामुळे उशिरा लावलेले कार्ड वायाच जाते.

कारण शोधण्यात अर्धी रात्र गेली. तापमानाच्या रकान्यात एका दिवशी आकड्याऐवजी ‘नोंद नाही’ असे शब्द होते. ‘आर’ या संख्याशास्त्रीय संगणकभाषेच्या जुन्या आवृत्त्या, रकान्यात असा एखादा शब्द आढळला की संपूर्ण रकाना वर्गवारी समजत. त्याचे पुन्हा आकड्यांत रूपांतर केले, की तापमानाऐवजी वर्गाचा अनुक्रमांक हाती येई. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ४.०.० या आवृत्तीपासून ही पद्धत बदलली. आता तेवढा एकच दिवस रिकामा राहतो आणि तसा इशाराही मिळतो. माझा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर लिहिलेला होता. जुन्या संगणकाने मात्र कोणतीही तक्रार न करता अनुक्रमांकांचीच बेरीज केली. ते एक ते चाळीसच्या आतले असल्याने तापमानासारखेच दिसत होते. चूक माझी होती. प्रोग्रॅम दिला, तो कोणत्या वातावरणात चालतो, ते दिले नाही.

ही बाब किरकोळ नाही. २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर २००९-१० पासून आपल्या राज्यात क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला. शेतातील नोंद संगणकावर जाते, तिची आर्थिक नुकसान पातळीशी तुलना होते आणि सल्ला गावात पोहोचतो. या साखळीत संगणकाचे स्थान आता कायमचे आहे. गुलाबी बोंडअळीसाठी सलग तीन रात्री प्रत्येक कामगंध सापळ्यात आठ पतंग, हा नियम कागदावर मोजता येतो. परंतु हवामानावर आधारित अंदाज जसजसे वाढतील, तसतसे एका संगणकाचे उत्तर दुसऱ्यावर तेच येईल, याची हमी द्यावी लागेल. ही हमी देण्याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे सॉफ्टवेअर कंटेनर.

हे नाव मालवाहतुकीतून आले आहे. नाशिकची द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून युरोपला जातात, तेव्हा त्यांना लागणारा थंडावा कंटेनरसोबतच प्रवास करतो; आत काय आहे याच्याशी बंदरावरील क्रेनला देणेघेणे नसते. सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. प्रोग्रॅम, त्याला लागणारी भाषेची नेमकी आवृत्ती, लायब्ररी आणि आवश्यक फाईली हे सारे एका संचात बांधले जाते. लिनक्समधील मूळ सुविधांवर उभे असलेले हे तंत्र २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे सर्वांच्या आवाक्यात आले. पॉडमन हा त्याचा मुक्त स्रोत पर्यायही उपलब्ध आहे.

आपल्या दृष्टीने याचे चार लाभ आहेत. पहिला, आवृत्तीतील फरकामुळे होणारी, वर सांगितली तशी गफलत टळते. दुसरा, जिल्हा पातळीवर प्रत्येक घटक स्वतंत्रपणे बसवण्याचा खटाटोप वाचतो. तिसरा, एकाच संगणकावर कपाशीचे जुने आणि तुरीचे नवे मॉडेल एकमेकांना धक्का न लावता चालतात. व्हर्च्युअल मशीनप्रमाणे प्रत्येकासाठी वेगळी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम लागत नसल्याने साधा संगणकही हा भार पेलतो. चौथा आणि माझ्या मते सर्वांत मोठा लाभ म्हणजे शास्त्रज्ञ बदलून गेला किंवा निवृत्त झाला, तरी त्याचे मॉडेल मागे चालू स्थितीत राहते.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. सापळ्यातील पतंग न मोजता भरलेला आकडा कंटेनर सुधारत नाही. मॉडेलचे सूत्रच चुकीचे असेल, तर ते सर्वत्र सारखेच चुकेल. एका प्रकारच्या प्रोसेसरसाठी बांधलेला संच दुसऱ्या प्रकारावर चालेलच असे नाही. काही संच मोठे असतात. मंद इंटरनेटवर ते उतरवून घेण्यात वेळ जातो, म्हणून पेनड्राइव्हवर प्रत ठेवणे हिताचे. आणि ट्रायकोकार्डाला जशी मुदत असते, तशी यालाही असते. आतील घटकांतील सुरक्षाविषयक त्रुटी उघड होत जातात, त्यामुळे संच वेळोवेळी नव्याने बांधून, जुन्या नोंदींवर तपासूनच वितरित करावा लागतो.

म्हणून माझे आग्रहाचे मत असे, की कीड-अंदाजाचा प्रकल्प केवळ अहवाल सादर झाला म्हणून पूर्ण मानला जाऊ नये. अहवालासोबत चालता कंटेनर, नमुन्याच्या नोंदी आणि त्यांवरून अपेक्षित असलेले उत्तर संस्थेकडे जमा झाले पाहिजे. यासाठी खर्चापेक्षा शिस्त अधिक लागते.

विस्तार कार्यकर्त्यांनी आणि प्रगतिशील शेतकऱ्यांनी कंटेनर बांधायला शिकण्याची गरज नाही. कोणतेही नवे मॉडेल हाती आले, की एवढेच विचारावे: “नमुन्याच्या नोंदी द्या; त्यांवरून तुमच्याकडे आलेले उत्तर आमच्या संगणकावरही येते का, ते पाहू.” आलमबागच्या त्या संध्याकाळी हा प्रश्न आम्हाला योगायोगाने पडला. शेतकऱ्याची फवारणी त्या उत्तरावर ठरणार असेल, तर तो प्रत्येक वेळी ठरवून विचारला गेला पाहिजे.