तलवार घासण्याआधी

गेल्या खंडेनवमीला आमच्या घरात एका तलवारीवरून भांडण झालं. बारामती-इंदापूर रस्त्यावर, जंक्शनच्या अलीकडं आमची वस्ती. पणजोबांपासून चालत आलेली ही तलवार वर्षातून एकदा माळ्यावरून खाली येते, तिला तेल लावतात, झेंडू वाहतात. चुलतभावाला रील करायची होती, म्हणून त्यानं ती लख्ख पुसली. मुठीजवळ एक चौकोन दिसू लागला. चार घरं, प्रत्येकात एक अरबी अक्षर. तात्या म्हणाले, "हे शत्रूचं हाय. ग्राइंडर मारून आण."

मी नको म्हणालो. का, ते त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. म्हणून इथं सांगतो.

बारामतीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना फोटो पाठवला. त्यांनी अक्षरं वाचली: बे, दाल, वाव, हे. अबजद गणनेत त्यांची किंमत २, ४, ६, ८. हा 'बदूह' नावाचा ताईत. इराणी आणि हिंदुस्थानी पात्यांवर तो पुष्कळदा सापडतो. पत्र सुखरूप पोचावं म्हणून लोक तो पत्रावरही लिहीत. म्हणजे आम्ही जिला युद्धाची घोषणा समजत होतो, ती 'सुखरूप पोचू दे' अशी विनवणी निघाली.

ऑटोमन तलवारींवर तर सोन्यात आख्ख्या आयती असतात. कुराणाच्या ६१व्या सुऱ्यातली १३वी आयत त्यात वारंवार दिसते. तिचा आशय असा की मदत अल्लाकडून येते आणि विजय जवळ आहे. लढाईला निघालेला माणूस इथं कबूल करतो की नुसतं मनगट पुरणार नाही. आपले लोक भवानीचं नाव घेऊन निघत, ते याच भीतीपोटी. अर्थात आपला विजय मागणं म्हणजे समोरच्याचा पराभव मागणं. तलवार काही निष्पाप नसते. पण लिपी बघून तिचा मालक ठरवणं हा निव्वळ आळस आहे.

हाच नियम लावायचा तर कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला दिलेल्या तलवारीचं काय करणार? शिवाजी महाराजांची म्हणून आपण जी परत मागतो, तीच ही. तिचं पातं युरोपात घडलेलं आहे आणि त्यावर 'आयएचएस' ही अक्षरं तीनदा आहेत. ते येशूच्या नावाचं चिन्ह. तिथंही ग्राइंडर मारणार का? राज्य सरकारनं २०२५ साली लंडनच्या लिलावातून सोडवून आणलेली रघुजी भोसल्यांची तलवारही फिरंगच आहे: पातं युरोपी, नाव देवनागरीत.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही सांगतो. अशा पात्याचा फोटो टाकून 'बघा, केवढा सलोखा होता' लिहू नका. चांगलं पोलाद जिथं मिळे तिथून लोक घेत. ती गरज होती. तिला द्वेष म्हणणं जितकं खोटं, तितकंच प्रेम म्हणणंही.

आमचा इंदापूर ही गुंतागुंत ओळखतो. इथल्या लढाईत पडलेले मालोजीराजे भोसले निजामशाहीचे सरदार. त्यांनी मुलांची शहाजी, शरीफजी ही नावं नगरच्या शाह शरीफ पीरावरून ठेवली, असं सांगतात. त्याच निजामशाहीत १५४९ साली मुहम्मद बिन हुसेन रूमीनं मलिक-ए-मैदान तोफ ओतली. रूमी म्हणजे ऑटोमन मुलखातला. तोफेवर त्याचं नाव आहे, आणि निजामशहा स्वतःला पैगंबराच्या घराण्याचा सेवक म्हणवतो तो लेखही आहे. हा निजामशहा शिया. पुढं तोफ विजापूरला गेली आणि १६८६ साली विजापूर सुन्नी औरंगजेबाच्या हाती पडलं. त्यानं तोफेवर आपला लेख कोरून घेतला, पण जुने तसेच राहिले. आजही तिन्ही वाचता येतात.

जे औरंगजेबाच्या काळातही पुसलं गेलं नाही, ते आपण दोनशे रुपयांच्या पॉलिशसाठी पुसणार?

तुमच्याही माळ्यावर असं काही असेल तर आधी फोटो काढा. वाचता येणाऱ्या माणसाला गाठा. मग हवं तर त्या अक्षरांचा राग करा, पण वाचून करा. घासलेलं अक्षर पुन्हा उमटत नाही, आणि त्याबरोबर आपल्याच पणजोबांबद्दलचा एकुलता एक पुरावाही जातो.

तात्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. तलवार मात्र माळ्यावर आहे, चारही अक्षरांसकट.