प्रतीक्षा नायकाची, दुष्काळ कार्याचा

लोकशाहीत निवडणुका जवळ आल्या की एक जुना विकार डोके वर काढतो. मैदानात उतरलेल्या उमेदवारांपैकी एकही मनास येत नाही आणि ज्याने राजकारणाला केव्हाच रामराम ठोकला आहे, त्याच्या वाटेकडे डोळे लागतात. ‘तो आला तर सारे चित्र पालटेल’ हे वाक्य दिवाणखान्यांतून, वृत्तपत्रांच्या स्तंभांतून आणि दूरचित्रवाणीच्या चर्चांतून घुमू लागते. बोलणाऱ्याला ते राजकीय चिंतन वाटते. प्रत्यक्षात ते चिंतनही नसते आणि राजकारणही नसते. कर्तव्य टाळण्याची ती एक सभ्य रीत असते.

सन २००७ मध्ये या विकाराची साथ अमेरिकेच्या दोन्ही पक्षांत एकाच वेळी पसरली होती. डेमोक्रॅटिक पक्षातील एक मोठा वर्ग माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांची वाट पाहत होता, तर रिपब्लिकन पक्षातील परंपरावादी मंडळी टेनेसीचे माजी सिनेटर फ्रेड थॉम्पसन यांच्याकडे आशेने पाहत होती. योगायोग असा की, गोर उपराष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे सिनेटची जी जागा रिकामी झाली, तीच १९९४ च्या निवडणुकीत थॉम्पसन यांनी जिंकली होती. एकाच आसनावर बसून गेलेले हे दोघे. आणि दोघांच्याही नावाने आशेचे दिवे लागले. एकाने शेवटपर्यंत नकार दिला, दुसरा आला. दोन्ही कहाण्यांचा शेवट मात्र वाट पाहणाऱ्यांच्या पदरी निराशा टाकणारा ठरला. त्याची कारणे समजून घेणे आजही उद्बोधक आहे.

मुखवटा दिसला, तपश्चर्या दिसली नाही

थॉम्पसन यांच्याविषयीची आशा निराधार होती, असे कोणी म्हणणार नाही. वॉटरगेट चौकशीत ते सिनेट समितीतील रिपब्लिकन सदस्यांचे प्रमुख वकील होते. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात संभाषणे ध्वनिमुद्रित करणारी यंत्रणा आहे काय, हा प्रश्न १६ जुलै १९७३ रोजी उघड सुनावणीत त्यांनीच विचारला होता. आठ वर्षे त्यांनी सिनेटमध्ये काढली आणि २००३ च्या प्रारंभी ते पद सोडून बाहेर पडले. पुढे ‘लॉ अँड ऑर्डर’ या लोकप्रिय मालिकेतील सरकारी वकिलाच्या भूमिकेने त्यांचा चेहरा घरोघरी पोहोचला. भारदस्त अंगकाठी, खर्जातला आवाज, दक्षिणेकडील लाघवी बोलणे. मार्च २००७ मध्ये ‘विचार करीत आहे’ एवढेच त्यांनी म्हटले आणि परंपरावाद्यांना दुसरे रोनाल्ड रेगन गवसल्याचा साक्षात्कार झाला. हॉवर्ड बेकर यांच्यासारखे ज्येष्ठ नेते पाठीशी उभे राहिले. निवडणूक न लढवताच जनमत चाचण्यांत ते रूडी जुलियानी यांच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर आले.

‘दुसरे रेगन’! या दोन शब्दांतच साऱ्या भ्रमाचे मूळ आहे. रेगन अभिनेते होते, थॉम्पसनही अभिनेते. रेगन यांचे वक्तृत्व मधाळ, थॉम्पसन यांचेही तसेच. एवढ्यावर ज्यांनी समीकरण मांडले, त्यांनी रेगन यांचा मुखवटा पाहिला, त्यांची तपश्चर्या पाहिली नाही.

रेगन १९५४ पासून आठ वर्षे जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठी दूरचित्रवाणीवर काम करीत असतानाच त्या कंपनीच्या कारखान्यांतून हिंडत होते, कामगारांसमोर बोलत होते. १९६४ मध्ये गोल्डवॉटर यांच्यासाठी केलेल्या एका भाषणाने ते राष्ट्रीय पटावर आले. पण त्या एका भाषणामागे अशी शेकडो भाषणे होती. आठ वर्षे त्यांनी कॅलिफोर्नियाचे राज्यपालपद सांभाळले. १९७६ मध्ये पक्षाच्या विद्यमान राष्ट्राध्यक्षालाच, जेराल्ड फोर्ड यांना, त्यांनी आव्हान दिले आणि अधिवेशनात १,१८७ विरुद्ध १,०७० अशा मतांनी ते हरले. पराभवानंतर ते रुसून घरी बसले नाहीत. आकाशवाणीवरील भाष्ये, वृत्तपत्रीय लेखन, पक्षाच्या सभा हा क्रम चालूच राहिला. तेव्हा कोठे १९८० उजाडले. पाव शतकाची ही साधना एका मालिकेतील भूमिकेने भरून निघेल, असे मानणाऱ्यांच्या भाबडेपणाला काय म्हणावे?

मार्चमध्ये विचार सुरू केलेल्या थॉम्पसन यांनी प्रत्यक्ष घोषणा केली ती सप्टेंबरमध्ये, आणि तीही जे लेनो यांच्या रंजनपर कार्यक्रमात. त्याच रात्री न्यू हॅम्पशायरमध्ये पक्षाचे अन्य उमेदवार वादसभेत एकमेकांशी झुंजत होते. तोवर इतरांनी राज्याराज्यांत माणसे नेमली होती, निधी उभा केला होता, स्थानिक पुढाऱ्यांचे पाठिंबे मिळवले होते. पुढचा हिशेब आकड्यांतच पाहावा. ३ जानेवारी २००८ रोजी आयोवाच्या कॉकसमध्ये थॉम्पसन यांना सुमारे १३ टक्के मते मिळाली. न्यू हॅम्पशायरमध्ये जेमतेम एक टक्का. ज्या दक्षिणेच्या भरवशावर सारी आशा होती, त्या साउथ कॅरोलायनात १६ टक्के आणि तिसरा क्रमांक. २२ जानेवारीला त्यांनी माघार घेतली. सहा महिने वाट पाहायला लावणारी उमेदवारी पाच महिनेही टिकली नाही.

दोष केवळ थॉम्पसन यांचा नव्हता. जो उमेदवार नसतो, त्याला दोषही नसतात. अनुपस्थित माणूस हा कोऱ्या पाटीसारखा असतो. जो तो आपल्या मनातले त्यावर लिहितो. करकपात हवी असणाऱ्याला तो करकपात करणारा वाटतो, धर्मनिष्ठाला तो धर्मनिष्ठ वाटतो, युद्ध हवे असणाऱ्याला सेनापती आणि नको असणाऱ्याला शांतिदूत वाटतो. तो रिंगणात उतरला, प्रश्नांना उत्तरे देऊ लागला की पाटी भरते आणि तोही इतरांसारखा हाडामांसाचा माणूस ठरतो. मूर्ती भंगते; परंतु ती घडवली होती भक्तांनीच.

एक लाख सह्या आणि एक नकार

गोर यांच्याविषयीची हळहळ अधिक खोल होती. २००० मध्ये देशभरात प्रतिस्पर्ध्यापेक्षा ५ लाख ४३ हजारांहून अधिक मते मिळवूनही, फ्लोरिडातील ५३७ मतांच्या फरकाने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने त्यांचे राष्ट्राध्यक्षपद हुकले होते. पर्यावरणावरील त्यांच्या माहितीपटाला फेब्रुवारी २००७ मध्ये ऑस्कर मिळाले. ऑक्टोबरमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पूर्ण पानावर, एक लाखाहून अधिक सह्यांचा आधार घेत, त्यांना उमेदवारीचे अनावृत आवाहन करण्यात आले. दोनच दिवसांनी राजेंद्र पचौरी अध्यक्ष असलेल्या हवामानबदलविषयक आंतरराष्ट्रीय मंडळासह त्यांना शांततेचे नोबेल जाहीर झाले. आता गोर नाही म्हणूच शकणार नाहीत, अशी समर्थकांची खात्री झाली. गोर यांनी मात्र आपला मार्ग बदलला नाही.

त्या लाखभर सह्यांचे पुढे काय झाले? सही करणे हे कार्य नव्हे. त्याच दिवसांत आयोवातील गावागावांत बराक ओबामा यांचे तरुण स्वयंसेवक दारोदार फिरत होते. ओबामा यांनी १० फेब्रुवारी २००७ रोजीच स्प्रिंगफील्ड येथे उमेदवारी जाहीर केली होती. त्यांच्याविषयी कोणाचे मत काहीही असो, त्यांच्या माणसांनी वर्षभर जे केले त्याला संघटन म्हणतात. आयोवात ३७ टक्क्यांहून अधिक मते घेऊन त्यांनी हिलरी क्लिंटन यांना तिसऱ्या क्रमांकावर ढकलले, ते या घामाच्या बळावर. गोर यांची वाट पाहणारे त्या रात्री केवळ प्रेक्षक होते.

रिपब्लिकन पक्षातही हाच धडा गिरवला गेला. २००७ च्या जुलैत जॉन मॅकेन यांची मोहीम जवळजवळ बुडाली होती. तिजोरी रिकामी झाली, प्रमुख सहकारी निघून गेले, वृत्तपत्रांनी मृत्युलेख तयार ठेवले. मॅकेन यांनी न्यू हॅम्पशायरची गावे पालथी घातली, लहानसहान सभांतून लोकांचे खडे बोल ऐकले आणि ८ जानेवारीला तेथे विजय मिळवला. आयोवा जिंकणारे माइक हकाबी यांच्यापाशी पैसा तुटपुंजा होता. परंतु चर्चमधून आलेली, स्वतःच्या गाडीने फिरणारी माणसे होती. उलट जुलियानी फ्लोरिडाची वाट पाहत बसले. फ्लोरिडाची वेळ आली तेव्हा स्पर्धेतील त्यांचे स्थान उरलेच नव्हते. ज्याची तिकडे वाट पाहिली गेली तो पडला, जो वाट पाहत बसला तोही पडला.

निवृत्त माणूस परत येऊच नये काय?

यावर आक्षेप घेतला जाईल की, राजकारणाबाहेर गेलेली माणसे परतून जिंकल्याचे दाखले आहेत. निश्चितच आहेत, पण ते नीट तपासावेत. रिचर्ड निक्सन १९६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची आणि १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालपदाची निवडणूक हरले होते. ते संपले, असे सर्वांनी ठरवले. १९६६ च्या मध्यावधी निवडणुकांत हेच निक्सन पक्षाच्या उमेदवारांसाठी देशभर राबले आणि पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील जागा ४७ ने वाढल्या. १९६८ मध्ये पक्षाने त्यांना उमेदवारी दिली ती उपकाराची परतफेड म्हणून, करुणेपोटी नव्हे. जो बायडेन यांचा दाखला तर अलीकडचाच. एप्रिल २०१९ मध्ये ते रिंगणात उतरले, आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले. २९ फेब्रुवारी २०२० रोजी साउथ कॅरोलायनाने त्यांना तारले, कारण तेथील कृष्णवर्णीय समाजाशी त्यांचा जुना संबंध होता. डोनाल्ड ट्रम्प २०२१ मध्ये पायउतार झाले. परंतु पक्षावरील पकड त्यांनी सोडली नाही आणि २०२४ ची निवडणूक जिंकली. या तिघांपैकी कोणालाही कोणी घरातून उचलून आणले नव्हते. परतण्याची वाट ज्याने स्वतः बांधली, तोच परतला.

१९५२ मधील आयझेनहॉवर यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ते पॅरिसजवळ नाटोचे सेनापती म्हणून काम करीत होते. मायदेशी प्रचारालाही आले नव्हते. तरीही ११ मार्चला न्यू हॅम्पशायरची प्रायमरी त्यांनी जिंकली. नायक दूर होता हे खरे. पण हेन्री कॅबट लॉज आणि त्यांचे सहकारी जागेवर होते. त्यांनी नुसती प्रार्थना केली नाही. अर्ज भरले, प्रतिनिधी जोडले, अधिवेशनात एकेका राज्याच्या प्रतिनिधींसाठी झगडा केला. गोवर्धन उचलणारी करंगळी कृष्णाची असली, तरी गोपाळांनी आपापल्या काठ्या लावल्या होत्या, हे मराठी मनाला वेगळे सांगायला नको.

हा विकार केवळ अमेरिकेचा नाही. २०१२ मध्ये आपल्याकडे राष्ट्रपतिपदासाठी डॉ. अब्दुल कलाम यांनी पुन्हा उभे राहावे, असा आग्रह सुरू झाला होता. कलामांविषयी जनमानसात अपार आदर होता. परंतु आपल्याकडील राष्ट्रपती आमदार-खासदारांच्या मतांनी निवडला जातो, आणि ती मते जुळवण्याचे काम आदराने होत नाही. १८ जूनला कलामांनी नम्रपणे नकार दिला. आग्रह धरणाऱ्यांपेक्षा त्यांनाच वस्तुस्थितीचे भान अधिक होते.

नायक नसावा, असे कोणी म्हणत नाही. नेतृत्वावाचून समाज चालत नाही. परंतु नेतृत्व हे संघटित परिश्रमाचे फळ आहे, त्याचा पर्याय नव्हे. जो आपल्या वॉर्डातील मतदारयादी तपासत नाही, बैठकीला येत नाही, चार घरी जात नाही आणि ‘अमुक यायला हवा होता’ म्हणून उसासे टाकतो, तो त्या अमुकाचाही हितचिंतक नसतो. उद्या तो खरोखर आलाच, तर त्याच्यामागे उभे राहायला असे उसासे टाकणारे किती निघतील? थॉम्पसन यांना हा प्रश्न आयोवाच्या थंडीत पडला असेल. त्याचे उत्तर होते, सुमारे १३ टक्के.