पारखणाऱ्यांचीही पारख हवी

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या एका निकालात, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, असा निर्देश दिला. प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या विशाखापट्टणम येथील मृत्यूच्या प्रकरणातून हा निकाल आला. निर्देश स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु जागा निर्माण करणे आणि त्या जागेवर बसण्यास लायक माणूस घडविणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समुपदेशक घडवायचे तर त्यांच्या उमेदवारीच्या काळात त्यांच्या कामावर कोणाची तरी जाणती नजर हवी. ही नजर कोणाची असावी, ती कशी तयार व्हावी आणि ती खरोखर जाणती आहे की नाही हे कोणी ठरवावे, हे प्रश्न आपल्याकडे अद्याप फारसे विचारले जात नाहीत.

शिक्षकवर्गाला या प्रश्नाचे मर्म सहज उमगेल. बी.एड.च्या सरावपाठांच्या वेळी वर्गात मागच्या बाकावर निरीक्षक बसतो. पाठटाचण पाहून वहीत चार ओळी लिहिणारा निरीक्षक वेगळा आणि पाठ कोठे व का फसला हे नवख्या शिक्षकाला त्याचा धीर न खचविता समजावून सांगणारा वेगळा. दोघेही स्वतः उत्तम शिक्षक असू शकतील. पण उत्तम शिकविणे आणि दुसऱ्याच्या शिकविण्यावर शिकविणे हे एकच कौशल्य नव्हे. समुपदेशनात हा भेद अधिकच गंभीर होतो. फसलेल्या पाठाची भरपाई दुसऱ्या दिवशी करता येते. मदत मागण्यास आलेल्या सल्लार्थीची व्यथा नीट ऐकली गेली नाही, तर तो दुसऱ्यांदा येईलच असा भरवसा नसतो.

या प्रश्नाचा पद्धतशीर विचार अमेरिकेतील विद्यापीठांत झाला आहे. तेथे समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी ‘केक्रेप’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी परिषद १९८१ साली स्थापन झाली. तिच्या मानकांनुसार पदव्युत्तर विद्यार्थ्याला आधी किमान १०० तासांचा प्रत्यक्ष सराव आणि त्यानंतर किमान ६०० तासांची उमेदवारी करावी लागते. यांपैकी अनुक्रमे ४० आणि २४० तास सल्लार्थींच्या प्रत्यक्ष सहवासातील असावे लागतात. या साऱ्या काळात दर आठवड्याला सुमारे एक तास वैयक्तिक पर्यवेक्षण आणि त्याखेरीज दीड तास गटातील चर्चा ठरलेली असते. पर्यवेक्षण केवळ विद्यार्थ्याच्या तोंडी वृत्तांतावर चालत नाही. ध्वनिमुद्रण, चित्रमुद्रण किंवा प्रत्यक्ष अवलोकन यांचा आधार घ्यावा लागतो.

पर्यवेक्षणाच्या या कामातील मोठा वाटा पीएच.डी. करणारे विद्यार्थी उचलतात. समुपदेशन, पर्यवेक्षण, अध्यापन, संशोधन आणि नेतृत्व ही त्यांच्या शिक्षणाची पाच अंगे मानली गेली आहेत. म्हणजे पर्यवेक्षण हे पदवीबरोबर आपोआप येणारे भूषण नसून शिकण्याचा स्वतंत्र विषय आहे. अशा विद्यार्थ्याला नवशिक्यांचे पर्यवेक्षण करू देण्यासाठी तीन अटी घातल्या गेल्या: त्याने स्वतः समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेले असावे, पर्यवेक्षणाचे शिक्षण घेतलेले किंवा घेत असलेले असावे आणि त्याच्या या कामावर प्राध्यापकाचे पर्यवेक्षण असावे. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे. पारखणाऱ्याचीही पारख व्हावी, हे तत्त्व तीत मान्य केले आहे.

शिकायचे ते नेमके काय? जनीन बर्नार्ड यांनी १९७९ साली मांडलेली एक सुटसुटीत मांडणी आजही उपयोगी पडते. पर्यवेक्षक तीन भूमिका घेऊ शकतो: शिक्षकाची, समुपदेशकाची आणि सल्लागाराची. त्याने लक्ष द्यावयाच्या बाजूही तीनच: प्रशिक्षणार्थी काय करतो, सल्लार्थीची समस्या त्याला कशी उमगते आणि या कामात त्याचे स्वतःचे मन कोठे गुंतते वा अडखळते. नवा पर्यवेक्षक बहुधा शिक्षकाच्या भूमिकेतच अडकून पडतो. प्रशिक्षणार्थी अडखळला, की तो तयार उत्तर देतो. ‘त्या क्षणी तुमच्या मनात काय आले?’ असे विचारायला त्याला धीर होत नाही. उलट कोणी प्रशिक्षणार्थीलाच सल्लार्थी समजून त्याच्या खाजगी आयुष्यात शिरतो. कोणत्या वेळी कोणती भूमिका घ्यावी, हा विवेक पुस्तक वाचून येत नाही. आपल्याच पर्यवेक्षणाचे चित्रमुद्रण जाणकारासमोर पुन्हा पाहण्याने तो हळूहळू येतो.

अशा विद्यार्थ्याची स्थिती मात्र मोठी चमत्कारिक असते. तो एकाच वेळी परीक्षकही असतो आणि परीक्षार्थीही. काल ज्याच्याबरोबर चहा घेतला त्याच्या कामाचा अभिप्राय आज लिहायचा आणि तो अभिप्राय कसा लिहिला यावरून उद्या स्वतःचा अभिप्राय लिहून घ्यायचा. निकोलस लॅडनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जवळजवळ सर्वच प्रशिक्षणार्थी आपल्या पर्यवेक्षकांपासून काही ना काही लपवितात, असे आढळले. पर्यवेक्षकाविषयीची नाराजी, स्वतःच्या चुका, सल्लार्थीविषयी वाटणारी अढी अशा गोष्टी न बोलता राहतात. हे मानवी स्वभावाला धरूनच आहे. पण जो प्रशिक्षणार्थीच्या बाबतीत खरा तोच न्याय पर्यवेक्षण शिकणाऱ्याला का लागू नये? तळच्याने मधल्यापासून लपविले आणि मधल्याने वरच्यापासून, तर प्राध्यापकाच्या टेबलावर येणारा अहवाल स्वच्छ असेल आणि खोटाही असेल. एखादा सल्लार्थी जीव देण्याची भाषा बोलला होता, हे नेमके अशाच ठिकाणी गळून पडण्याचा धोका असतो. मूल्यमापनाचा प्रश्न केवळ गुणांचा नाही, तो असा जिवाशी निगडित आहे.

मग हे मूल्यमापन कसे करावे? प्रशिक्षणार्थींनाच विचारावे, तर जो गोड बोलतो आणि उणीव दाखवीत नाही त्याला चांगले गुण मिळण्याचा संभव अधिक. सल्लार्थीला किती लाभ झाला हे मोजावे, तर सल्लार्थी आणि हा पर्यवेक्षक यांच्यामध्ये एक आख्खा माणूस उभा असतो. श्रेय कोणाचे आणि दोष कोणाचा हे निवडणे कठीण. केवळ लेखी अहवाल पाहावेत, तर लेखनकौशल्याची परीक्षा होते, पर्यवेक्षणाची नव्हे. म्हणून कोणतेही एक माप पुरे पडत नाही. पर्यवेक्षणाच्या तासाचे मुद्रण प्राध्यापकाने स्वतः पाहणे हा पाया असावा. प्रशिक्षणार्थीचा अभिप्राय आणि विद्यार्थ्याचे आत्मपरीक्षण यांची त्याला जोड असावी. याहून महत्त्वाचे म्हणजे आठवड्याआठवड्याला सुधारणेसाठी दिलेला अभिप्राय आणि सत्राअखेरचा निर्णय यांत फरक राखला पाहिजे. स्वतःची चूक आपण होऊन पुढे आणणाऱ्याचे गुण कापले जाऊ लागले, की त्या दिवसापासून चुका पुढे येणे थांबते. चूक उघड करणे हीच योग्यतेची खूण मानणारे मूल्यमापन हवे.

पर्यवेक्षकाची खरी कसोटी लागते ती एका अप्रिय कर्तव्यात. काही प्रशिक्षणार्थी कष्टाळू असतात, हुशार असतात, पण या व्यवसायाला योग्य नसतात. त्यांना वेळीच सांगणे, सुधारण्याची स्पष्ट संधी देणे आणि तरीही सुधारणा न झाल्यास तशी लेखी नोंद करणे हे व्यवसायाच्या द्वारपालाचे काम आहे. वयाने फारसे मोठे नसलेल्या विद्यार्थ्यावर ते एकट्यावर टाकणे अन्यायाचे होईल. नोंद त्याने करावी, पुरावा त्याने ठेवावा. अंतिम निर्णयाची जबाबदारी मात्र प्राध्यापकाचीच असावी. पण नोंदच टाळणाऱ्याला उत्तम पर्यवेक्षक म्हणता येणार नाही, हेही मूल्यमापनात निःसंदिग्धपणे दिसले पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल. विद्यार्थ्यांकडून पर्यवेक्षण करून घेणे म्हणजे प्राध्यापकांचा भार हलका करण्यासाठी स्वस्तातले मनुष्यबळ वापरणे नव्हे काय? जेथे शिक्षण न देता काम सोपविले जाते तेथे हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. पण उद्याच्या पर्यवेक्षकांना शिकण्यासाठी आज कोठेतरी सुरुवात करावीच लागेल आणि ती जाणत्या नजरेखाली झालेली बरी. नवखेपणाची भीती ज्याच्या स्मरणात ताजी आहे, तो नवख्याची अडचण कित्येकदा लवकर ओळखतो, हाही लाभ लहान नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सर्व काही नव्याने उभारण्याची गरज नाही. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य आणि त्यावर दर आठवड्याला होणारी वैयक्तिक चर्चा ही प्रथा जुनी आहे. मुंबईत १९३६ साली सुरू झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेपासून ती येथे रुजली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अध्यापनाचे प्रशिक्षण आवश्यक ठरविले आणि आठवड्याला चार ते सहा तासांचे साहाय्यक काम देण्याची मुभा ठेवली. मानसशास्त्र आणि समाजकार्य विभागांनी यांतील काही तास पर्यवेक्षणासाठी राखावेत आणि त्याआधी एका सत्राचा अभ्यासक्रम ठेवावा. अट एकच असावी: आपल्याकडची पीएच.डी. मुख्यतः संशोधनाची पदवी असल्यामुळे, ज्याने स्वतः सल्लार्थींबरोबर काम केलेले नाही, त्याच्या हाती दुसऱ्याचे काम तपासण्याचा अधिकार देऊ नये.

समुपदेशकांची पदे भरली, की शाळा-महाविद्यालयांचे दप्तर पूर्ण होईल. मुलांचे रक्षण तेवढ्याने होणार नाही. बंद दाराआड एक घाबरलेला मुलगा आणि एक तितकाच घाबरलेला नवखा समुपदेशक समोरासमोर बसतील, तेव्हा त्या समुपदेशकाच्या पाठीशी एक शिकलेला आणि पारखलेला माणूस उभा आहे काय, हे विद्यापीठांनी आधी पाहिले पाहिजे.