मोडीतल्या मेडलमुळे सापडलेला शिपाई

पांढुर्णा-सौंसरच्या मित्रांनो, आज एका पंजाबी शिपायाबद्दल लिहितोय. गोष्ट कॅनडातली आहे, पण आपल्या घरातल्या ट्रंकेपर्यंत येते.

बुक्कम सिंग हे पंजाबातल्या माहिलपूरचे. जन्म १८९३. १९०७ मध्ये पोटापाण्यासाठी कॅनडाला गेले. त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं तिथल्या भारतीयांचा मताचा हक्क काढून घेतला. लग्न लहानपणीच झालेलं, पण तेव्हाच्या नियमांमुळे बायकोला तिकडे नेता आलं नाही. १९१४ मध्ये कोमागाटा मारू जहाजातल्या ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हर बंदरातूनच परत धाडलं. आणि पुढच्याच वर्षी बुक्कम सिंग कॅनडाच्याच फौजेत भरती झाले!

१९१६ मध्ये फ्लँडर्सच्या आघाडीवर दोनदा जखमी झाले. मग क्षयानं गाठलं. २७ ऑगस्ट १९१९ रोजी किचनर शहरात ते गेले. वय २५. पुढची जवळपास ९० वर्षं त्यांची कोणी आठवण काढली नाही. २००७ मध्ये लंडनच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांचं मेडल इतिहास अभ्यासक संदीप सिंग ब्रार यांच्या हाती लागलं, त्यावरून कागद शोधले आणि कबर सापडली. आता दरवर्षी कॅनडातले शीख तिथं मानवंदना देतात.

माझं म्हणणं एवढंच की साध्या माणसाची आठवण अशी नशिबावर सोडू नये.

दोन्ही महायुद्धांत गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतात. पण जो शिपाई जिवंत परतला, ज्यानं पुढं शेती केली आणि म्हातारपणी घरच्या खाटेवर जीव सोडला, तो त्या यादीत नाही. त्याचं नाव घरच्या कागदावरच राहतं.

आपल्याकडे तर कागदाचीही गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात भरती झालेल्या इथल्या माणसाचा पत्ता 'मध्यप्रांत व वऱ्हाड'. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर महाराष्ट्राच्या वाटेनं गेलं, आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये छिंदवाडाही सुटलं, पांढुर्णा जिल्हा झाला. आजोबा गाव सोडून कुठं गेले नाहीत, पण त्यांचा पत्ता बदलत राहिला. अशा वेळी त्यांची फाइल कुठल्या कपाटात शोधायची, सांगा बरं?

म्हणून कोणाची वाट पाहू नका. घरातली ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, मेडल, जे असेल त्याचा फोटो काढा. मेडलची कड नीट बघा, बऱ्याचदा त्यावर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. आजीला विचारा, कुठल्या पलटणीत होते, परत आल्यावर काय सांगायचे. तिनं सांगितलं तसंच, तिच्याच बोलीत लिहून ठेवा.

आणि ते मेडल कृपा करून मोडीत घालू नका.