द्राक्षरसाची घराणी
मद्य म्हणजे नशा, एवढीच आपली समजूत. जर्मनीत मात्र वाइनला मुलखाची ओळख असते. तिचे तेथे 13 प्रांत आहेत. रीसलिंग हे द्राक्ष एकच. पण मोझेलकाठच्या उभ्या चढावर, पाटीच्या दगडात ते हलके, आंबटसर उतरते, तर उबदार फाल्ट्समध्ये भरदार. राग एक, घराणी दोन! बाटलीवरचे ‘काबिनेट’, ‘श्पेटलेजे’ हे शब्द तोडणीच्या वेळची द्राक्षांची पक्वता सांगतात. ‘ट्रोकन’ म्हणजे गोडी नसलेली.

पारख साधी आहे. आधी रंग पाहावा, मग वास घ्यावा, छोटा घोट जिभेवर फिरवावा आणि मागे काय रेंगाळते ते पाहावे. आंबटगोडाचा तोल सुटला की वाइन बेसूर झाली.

आपल्या नाशिकच्या वाइनला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथली तोडणी हिवाळ्यात, जर्मनीतली शरदात. मग नाशिकने मोझेलची नक्कल का करावी? तिने आपल्या मातीचा स्वर लावावा.

भोपाळकर रसिकाला हे सांगायला नको. पारख नसेल तर उरते ती धुंदी. आणि धुंदीपायी गळे गमावलेले गवय्ये संगीताला पुष्कळ ठाऊक आहेत.